दिल्लीला न कळलेला भांग

वसईत पापडीपासून पाचूबंदरापर्यंत असं एकही घर नसेल, जिथल्या नारळाला आमच्या सायन्समास्तरांनी निदान एकदा पृथ्वी केलं नाही. मास्तर ओटीवर दिसले की शहाण्या बायका नारळ, लिंबं आणि कंदील आधी आत नेऊन ठेवत, कारण या तीन वस्तू एका जागी दिसल्या की मास्तरांना राहवत नसे. नारळ पृथ्वी, लिंबू चंद्र आणि कंदील सूर्य. लिंबू ते यजमानाच्या हातात देत आणि नारळाभोवती फिरायला लावत. यजमान बिचारा चहाचं सांगायला म्हणून उठलेला असायचा, तो अर्धा तास चंद्र होऊन स्वतःच्याच घरात प्रदक्षिणा घालत राही. मास्तरांच्या पत्नीला आम्ही सगळे वहिनी म्हणत असू. त्या एकदा मला म्हणाल्या, "भावोजी, आमच्याकडे नारळ फोडायचा तर आधी विचारावं लागतं, हा कालवणातला की आकाशातला?" आणि असं म्हणून त्या स्वतःच इतक्या हसल्या की त्यांचं दुःख किती खरं आणि कौतुक किती खरं, ते मला आजही सांगता यायचं नाही.

मी त्याच शाळेत मराठी शिकवत असे. शिकवत असे म्हणजे लाल शाई घेऊन मुलांच्या वह्यांमागे लागत असे. आमच्या वर्गात कोळ्यांची, आगऱ्यांची, वाडवळांची, ख्रिस्ती शेतकऱ्यांची अशी सगळ्यांची मुलं. प्रत्येकाच्या घरची बोली निराळी, आणि त्या सगळ्यांच्या पाण्यातला 'ण' शाबूत ठेवायचा ठेका जणू माझ्याकडे होता. मास्तर 'पानी' म्हणणाऱ्याला 'पानी'च म्हणत. "अहो, उकळतं ते पाणी, मग त्याला कुठलाही न असो," असं त्यांनी मला शिक्षकांच्या खोलीत सर्वांदेखत ऐकवलं होतं. दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नव्हतो. त्यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं, हा त्यांच्याशी भांडण्यातला मोठा तोटा.

मास्तर दिसायला उंच, किडकिडीत. अंगात बारा महिने काळा कोट, आणि कोटाच्या खिशात भिंग, लोहचुंबक, दोरी, खडू आणि कधीकाळी ठेवलेली एखादी सुपारी. लोहचुंबकाची तर अशी ख्याती, की शिंप्याच्या दुकानात ते नुसते टेकले तरी त्याच्या टाचण्या कमी होत. त्यांना कुठंही काहीही दिसलं की त्यामागचं कारण सांगितल्याशिवाय पुढे पाऊल टाकवत नसे. चुलतभावाच्या लग्नाच्या वरातीत बँडवाल्याला मध्येच थांबवून त्यांनी पितळेच्या भोंग्यातून आवाज मोठा का होतो ते जमलेल्या वऱ्हाडाला समजावलं, आणि नवरा-नवरी देवळाच्या दारात उन्हात उभी राहिली. देऊळ म्हणजे चर्च. आमच्याकडे ख्रिस्ती माणसंही देऊळच म्हणतात. पापडीतली एक म्हातारी अंगणात सुकेळी वाळत घालत होती. केळं वाळवलं की टिकतं कसं, हे मास्तरांनी तिला इतक्या मन लावून सांगितलं, आणि तिनेही इतकं मन लावून ऐकलं, की मागच्या मागे निम्मी सुकेळी कावळ्यांनी नेली. म्हातारी पुढे सगळ्यांना सांगे, मास्तर बोलतो सोन्यासारखं, पण त्याला ऐकायचं तर हातात काठी घेऊन ऐकावं. फादरांनाही त्यांनी सोडलं नव्हतं. रविवारची मिस्सा सुटली की देवळाच्या पायरीवरच मास्तरांचं प्रवचन सुरू होई. फादरांनी एकदा हसत तक्रार केली, की लोक माझं विसरतात आणि तुमचं घरी घेऊन जातात. मास्तर गंभीरपणे म्हणाले, "फादर, आपण वाटून घेऊ. स्वर्ग तुमच्याकडे, आकाश माझ्याकडे."

खोटं मात्र त्यांना येत नसे. येत नसे म्हणजे, जसं काहींना पोहायला येत नाही तसं. कसं काय, बरं आहे ना, असं विचारलं तर 'बरं' म्हणून सुटावं, एवढं साधं त्यांना जमत नसे. कालच्यापेक्षा खोकला कमी आहे पण गुडघा जास्त दुखतो आहे, असा ताळेबंद मिळे. वहिनींनी नाताळात चार दिवस खपून केलेल्या डुकराच्या मटणाच्या इंदेलात व्हिनेगर कमी पडल्याचं त्यांनी पाहुण्यांसमोर सांगितलं होतं. शाळेच्या तपासनिसाने प्रयोगशाळा कुठे आहे असं विचारल्यावर हेडमास्तर घाम पुसत काही जुळवाजुळव करणार, तोच मास्तर म्हणाले, "प्रयोगशाळा नाही, एक कपाट आहे, आणि त्याची किल्ली गेल्या वर्षी विहिरीत पडली."

तर असे हे मास्तर दर रविवारी दुपारी सायकलच्या मागे एक पेटी बांधून पाचूबंदरला जात. स्वराज्य नुकतंच आलं होतं, सगळ्यांनाच देशासाठी काहीतरी करावंसं वाटे. मास्तरांच्या मनाने घेतलं, की लोकांना शास्त्र सांगायचं, आणि ज्यांना कुणी सांगत नाही त्यांना आधी सांगायचं. बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांच्या पलीकडे, जाळी दुरुस्त करत बसलेल्या कोळ्यांपुढे ते नारळ आणि लिंबू काढत. पहिल्याच रविवारी त्यांनी भरती-ओहोटी घेतली. चंद्र पाणी कसं ओढतो ते ऐन रंगात येऊन सांगितलं. कोळ्यांनी मान डोलावली. बाहेरगावचा माणूस चांगल्या मनाने काही सांगत असला की डोलावतात तशी. मग मागे बसलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "मास्तर, पर्वा भरती कवा हाय?"

हा पास्कू तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा नाखवा, तिच्यावरचा मुख्य माणूस. साठी उलटलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू, दर्यावर जाणं नुकतंच सुटलेलं. मास्तरांनी पंचांग काढलं, कागद काढला, पेन्सिलीला टोक केलं. इकडे म्हाताऱ्याने अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला आणि सांगितलं, "चवथ हाय. तीन वाजता भरल." मास्तरांचं गणित अजून हातच्याला अडलेलं. मंगळवारी मास्तर मुद्दाम शाळेतून रजा घेऊन किनाऱ्यावर जाऊन उभे राहिले, खिशातलं घड्याळ हातात धरून. तीन वाजता पाणी भरलं.

मास्तर त्या दिवशी माझ्या घरी आले ते बूट चिखलाने माखलेले आणि डोळे ओले. मला वाटलं कुणी गेलं की काय. मग कळलं ते असं, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. ना पंचांग, ना पेन्सिल. "मी बी.एस्सी. होऊन जे कागदावर करतो, ते हा माणूस पेरांवर करतो," ते मला म्हणाले, "आणि मी त्याला शिकवायला गेलो होतो." त्यानंतरच्या रविवारपासून पेटी घरी राहिली. मास्तर जमिनीवर बसू लागले आणि तांडेल बोलू लागला. पुनवेला-अवसेला येतं ते उधाण, तेव्हा पाणी जोरात चढतं, जोरात उतरतं, जाळं भरतं. अष्टमीच्या सुमारास येतो तो भांग; तेव्हा पाण्याला ओढ नसते, जाळ्यात काही लागत नाही, कोळी घरी बसून जाळी विणतात. हे सगळं मास्तरांनी वर्षभर उतरवून घेतलं, त्याच्या शेजारी चंद्रसूर्याचं शास्त्र मांडलं, आणि त्याचं छोटंसं पुस्तक केलं: 'पाण्याचं येणं-जाणं'. पहिल्या पानावर छापलं, "हे ज्यांनी मला शिकवलं त्या पाचूबंदरच्या पास्कू तांडेल यांस."

पुस्तक तांडेलाच्या हातात दिलं तेव्हा मी होतो. त्याला वाचता येत नव्हतं. त्याने विचारलं, नाव कुठं आहे. मास्तरांनी बोट ठेवून दाखवलं. तांडेलाने त्या जागेवरून अंगठा फिरवला आणि मग तो अंगठा धोतराला पुसून पुन्हा फिरवला. त्याचा धाकटा मुंबईला कचेरीत कारकून होता. शिकलेला, इस्त्रीचा सदरा घालणारा. महिन्याकाठी घरी येई आणि बापाने दर्याविषयी काही काढलं की म्हणे, बा, तुला काय कळतंय, हे सगळं अडाण्याचं आहे. म्हाताऱ्याच्या काळजात ते कायमचं रुतलं होतं. पुस्तक दाखवल्यावरही मुलगा म्हणाला, गावच्या मास्तराने छापलंय, त्यात काय. हे तांडेलाने मास्तरांना सांगितलं, हसत हसतच सांगितलं. पण मास्तरांना ते सोसलं नाही. वर्तमानपत्रात दिल्लीच्या राष्ट्रीय पारितोषिकाची जाहिरात आली होती: सामान्य जनतेला विज्ञान समजावून देणाऱ्या पुस्तकाला सरकार गौरवणार. मास्तर तांडेलाला म्हणाले, पुस्तक दिल्लीला पाठवतो. तुमचं नाव दिल्लीहून कागदावर येईल. मग बघू पोरगा काय म्हणतो. आमच्या मास्तरांनी शब्द दिला म्हणजे दिला. तेव्हापासून म्हातारा आल्यागेल्याला विचारू लागला, दिल्ली किती लांब हाय?

आता माझ्या पापाकडे येतो. पुस्तकासोबत हिंदीत सारांश हवा होता. मास्तरांची हिंदी म्हणजे मराठीला 'है' लावलेलं. मी मात्र राष्ट्रभाषेची परीक्षा पहिल्या वर्गात पास झालेलो, आणि ही गोष्ट ज्याला ठाऊक नाही असा माणूस वसईत मी शिल्लक ठेवला नव्हता. मी म्हटलं, आणा इकडे. चार दिवस खपलो. 'भांग' या शब्दापाशी आलो तेव्हा एक शंका आली. आमच्याकडे तो भांग; हिंदीत पुल्लिंग की स्त्रीलिंग? लिंगाची चूक दिल्लीला गेली तर माझी काय अब्रू राहिली? कोश उघडला. 'भांग, स्त्रीलिंग.' एवढं पाहिलं आणि समाधानाने कोश मिटला. पुढे अर्थ दिला होता तो वाचण्याची मला, मराठीच्या शिक्षकाला, गरज वाटली नाही. आणि सुवाच्य अक्षरात मी लिहिलं: 'अष्टमी के दिन समुद्र में भांग आती है। भांग के दिनों में समुद्र सुस्त हो जाता है, और मछुआरे काम पर न जाकर घर बैठते हैं।' भाषा अशी ओघवती उतरली की मी ते वाक्य वहिनींना दोनदा वाचून दाखवलं.

तीन महिन्यांनी दिल्लीचा लिफाफा आला. पुस्तक कल्पक आहे, मराठीच्या परीक्षकाने चांगलं म्हटलं आहे. परंतु सारांश पाहता लेखक समुद्राला नशा चढते अशी अंधश्रद्धा पसरवतात, आणि मच्छीमारांच्या व्यसनाचं समर्थन करतात, हे विज्ञानप्रसाराच्या हेतूशी विसंगत आहे, सबब विचार करता येत नाही. मी ते पत्र वाचलं आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. हेडमास्तर तर खुर्चीतच खचले. मुंबई राज्यात दारूबंदी. आधीच वसईच्या लग्नांवर पोलिसांचा डोळा. त्यात आमच्या शाळेच्या मास्तराने समुद्रालाच भांग पाजली असं दिल्लीने लेखी कळवलेलं. ते दोन दिवस हेच विचारत होते, की हे पत्र आणखी कुणी पाहिलं आहे का.

मास्तर मला एक शब्द बोलले नाहीत. उलट त्यांनीच मला समजावलं, की शब्द तोच ठेवलात ते योग्य केलंत. तो तांडेलाचा शब्द, आपण बदलणारे कोण? बोलले असते तर बरं झालं असतं. चार शिव्या दिल्या असत्या तर मी त्या शुद्ध करून तरी घेतल्या असत्या. मी फक्त इतकंच म्हटलं, की तांडेलाला मी सांगतो. ते म्हणाले, नाही, शब्द मी दिला होता.

आम्ही दोघे गेलो. मास्तरांनी सगळं खरं खरं सांगितलं, माझं नाव तेवढं गाळून. तांडेल ऐकत होता. मग त्याच्या पोटातून हसू आलं. "दिल्लीला समिंदर नाय ना, मास्तर," तो म्हणाला, "त्यांना भांग म्हंजे पियाचीच ठावकी." भोवतालची चार माणसंही हसली. मीही हसलो, सुटलो असं वाटलं. हसू ओसरल्यावर म्हाताऱ्याने हळूच विचारलं, "मंग माजा नाव?" मास्तरांनी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी मी दिल्लीला पत्र लिहिलं. चूक माझी आहे, लेखकाची नाही. भांग म्हणजे आमच्या किनाऱ्यावर कमी ओढीची भरती. आणि मी राष्ट्रभाषेत पहिल्या वर्गात पास झालो असलो तरी मूर्ख आहे, असं सारं मान्य केलं. जन्मात मी एवढं नम्र काही लिहिलेलं नाही. पुष्कळ दिवसांनी उत्तर आलं. पारितोषिक दुसऱ्याला दिलं गेलं होतं, पण गैरसमजाबद्दल खेद व्यक्त करून त्यांनी पुस्तकाला प्रशस्तिपत्र पाठवलं होतं. जाड कागद, वर सिंहांचा शिक्का, हिंदीत चार ओळी: अमुक पुस्तक, अमुक लेखक, जनतेत विज्ञानाची समज वाढवण्याचं काम प्रशंसनीय. संपलं. तांडेलाचं नाव कुठेच नव्हतं. कसं असणार? मी स्वतःच पत्रात ते लिहायला विसरलो होतो.

रविवारी आम्ही पाचूबंदरला गेलो. तांडेलाचा मुलगा नेमका आलेला, इस्त्रीच्या सदऱ्यात, भिंतीला टेकून उभा. म्हाताऱ्याचं आता दोन्ही डोळ्यांनी दिसणं अंधुक झालं होतं. त्याने कागद हातात घेऊन शिक्का चाचपला आणि म्हणाला, वाचा. मी हिंदीवाला म्हणून पुढे होऊन कागद घेतला, तर मास्तरांनी तो माझ्या हातून काढून घेतला. "मी वाचतो. मराठी करून वाचतो." आणि ते वाचू लागले. पहिल्या चार ओळी ठीक वाचल्या. मग न थांबता, आवाज जराही न बदलता पुढे वाचलं, "आणि ज्यांनी हे शास्त्र दर्यावर जपलं आणि लेखकाला शिकवलं, त्या पाचूबंदरच्या पास्कू तांडेल यांचा भारत सरकार मानाने उल्लेख करतं."

कागदावर चारच ओळी आहेत हे दुरूनही कुणाला दिसलं असतं. म्हातारा म्हणाला, "परत वाचा." मास्तरांनी परत वाचलं, अक्षराचाही फरक न करता. तेवढ्यात मुलगा भिंतीपासून पुढे आला आणि त्याने कागद मागितला. मास्तर देईनात. त्याने तो हळूच ओढून घेतला आणि वाचायला लागला. त्याला हिंदी येत होती, मुंबईच्या कचेरीत काम करणारा तो. चार ओळी वाचायला कितीसा वेळ लागतो? त्याने कागद उलटून मागची कोरी बाजूही पाहिली. मग त्याने मास्तरांकडे पाहिलं, आणि मग बापाकडे.

"हाय, बा," तो म्हणाला. "तुजा नाव हाय. सरकारनी लिवलाय."

मुलाने त्याचा अंगठा धरला, शेवटच्या ओळीखाली जिथे नुसता कोरा कागद होता तिथे टेकवला, आणि म्हणाला, इथं. मग बापाच्या शेजारी जमिनीवर बसून, सदऱ्याची इस्त्री मोडते आहे याची पर्वा न करता, त्याने विचारलं, की बा, पंचमीला भरती कधी, सांग बघू. तांडेलाचा अंगठा पेरांवरून फिरू लागला.

परतताना मास्तर सायकलवर बसले नाहीत, हातात धरून चालत राहिले. एरवी या रस्त्याला ते बाभळीपासून मिठागरापर्यंत प्रत्येक गोष्टीचं कारण सांगत येत. त्या दिवशी एकाही गोष्टीचं कारण सांगितलं नाही. पापडीच्या विहिरीपाशी आल्यावर थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "वाचताना माझं काही चुकलं का हो?"

आयुष्यभर मी लाल शाई घेऊन लोकांच्या चुका शोधत आलो. मास्तर जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली, तांडेल तर त्यांच्याही आधी गेला. पण त्या प्रश्नाला मी दिलेलं उत्तर मला अजून बदलावंसं वाटत नाही. मी म्हटलं, "नाही मास्तर. एक काना-मात्राही चुकली नाही." त्यांनी मान हलवली, कोटाच्या बाहीने डोळे पुसले, आणि आम्ही घरी गेलो.